युसूफभाईंची बरणी आणि माझं नाक

युसूफभाईंची आणि माझी पहिली भेट भांडणाची होती. त्यांच्या पंचाहत्तरीच्या पुस्तकात भांडणानं सुरुवात करू नये, असं लिहून घेणाऱ्या माझ्या नातीचं म्हणणं आहे. पण दुसरी सुरुवात झालीच नाही, तर मी ती आणू कुठून?

मी तेव्हा नवी सून होते. आमच्या तांड्यावरच्या बायांसोबत जंगलातून सफेद मुसळी खणायची आणि पांढरकवड्याच्या बाजारात आणायची, हे माझं काम. बाजारात जडीबुटीचं दुकान एकच होतं. तिथं युसूफभाई नुकतेच वडिलांशेजारी गादीवर बसू लागले होते. मिशी फुटत होती. लोकांपेक्षा ती त्यांनाच जास्त दिसत होती. त्यांनी माझ्या टोपल्यातलं मुसळीचं एक बोट उचललं, दाताखाली मोडलं, नाकाशी नेलं आणि परत टोपल्यात ठेवलं.

"बाई, हे कच्चं आहे. पान हिरवं असतानाच उपटलं तुम्ही."

"मंग कधी उपटू?"

"पान पिवळं पडून गळू द्या. मंग मुळी अजून महिनाभर मातीत राहू द्या."

"अन् पान गळल्यावर मुळी कुठं हाय हे कोण सांगन? तुमचे अब्बा येतीन का जंगलात बोट दाखवाले?"

त्यांचे अब्बा मागे बसून पान लावत होते. ते इतके हसले की कात सांडला. "बोल बेटा, आता बोल," म्हणाले. मी टोपलं उचलून चालती झाले.

पुढच्या बाजाराला त्यांनी मला लांबूनच हाक मारली. कासाराकडून फुटक्या बांगड्यांचे तुकडे कागदात बांधून आणले होते. झाडाला पान असताना बुडाशी बांगडीचा तुकडा रोवायचा आणि पान गळल्यावर त्या तुकड्यापाशी खणायचं, असं त्यांनी सुचवलं. प्रत्येक बाईचा रंग वेगळा, म्हणजे एकीची मुळी दुसरी उपटणार नाही. माझा हिरवा, जावेचा लाल. सासूबाई म्हणाल्या, फुटक्या बांगड्या रानात पेरणारी सून पहिल्यांदाच पाहिली. पण त्या वर्षी आमची मुसळी अशी भरली की त्यांनी स्वतःसाठी पिवळा मागून घेतला. खणल्यावर कोंबाचा डोळा असलेली गड्डी परत मातीत पुरायची ही शिकवण सासूबाईंची. ती युसूफभाईंनी बाजारातल्या सगळ्या खणणाऱ्यांना अट म्हणून घातली. म्हणून आमच्या रानात अजून मुसळी सापडते.

आता बरणीबद्दल सांगते, कारण दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी तिच्याकडेच पाहतो. काचेच्या बरणीत एक मुळी आहे. दोन पाय, दोन हात, मान; डोकं तेवढं नाही. तिचं नाव जिनसेंग. युसूफभाईंचे मेहुणे जहाजावर नोकरीला होते, त्यांनी ती कोरियाहून आणली. ती विकायची नाही, असं युसूफभाईंनी पहिल्या दिवशीच ठरवलं. पण माहिती मात्र विचारणाऱ्याला ते चहासकट देतात.

मला त्यांनी सांगितलं ते असं. हे झाड गुडघ्याएवढं. एका देठावर हाताच्या बोटांसारखी पानं, मध्ये लाल फळांचा झुबका. त्याला थंडी लागते आणि सावली लागते. तिकडचे शेतकरी त्याच्यावर मांडव घालतात. आपल्या उन्हाळ्यात ते चार दिवस टिकणार नाही. मुळी धरायला पाच-सहा वर्षं जातात. दर हिवाळ्यात वरचं देठ वाळून पडतं आणि मुळीच्या मानेवर एक खूण राहते. खुणा मोजायच्या, वय कळतं. मी मला येतं तसं बोटांवर मोजलं. सहा भरल्या. अक्षर न शिकलेल्या बाईला कोरियातल्या मुळीचं वय वाचता आलं, याचं मला अजून कौतुक आहे.

तिकडे आजारातून उठलेल्याला, थकलेल्याला, म्हाताऱ्याला ती पिढ्यान्‌पिढ्या देत आलेत. चकत्या करून पाण्यात उकळतात, किंवा कोवळ्या कोंबडीच्या पोटात तांदळासोबत भरून रस्सा करतात. वाळवली की पांढरी, वाफवून वाळवली की लाल. युसूफभाईंनी एकदा नखाएवढा तुकडा कापून अर्धा मला दिला होता. आधी कडू, मग जिभेवर गोडसर, आणि वास खणलेल्या मातीचा. तो वास माझ्या नाकात बसला. पुढे तो कामाला आला.

काही लोक अश्वगंधेलाच देशी जिनसेंग म्हणून विकतात. युसूफभाईंना ते खपत नाही. "अश्वगंधा वांग्याच्या खानदानातली. तिचं स्वतःचं नाव काय वाईट आहे, का दुसऱ्याचं लावता?" असं ते म्हणतात. ते स्वतःलाही कुणाला हकीम म्हणू देत नाहीत. त्यांच्या हातून पुडी घेताना एक वाक्य ऐकावंच लागतं: "मी दुकानदार आहे. खायच्या आधी डॉक्टरले विचारा."

आमच्या ह्यांना छातीचा त्रास झाला, तेव्हा हे वाक्य मलाही ऐकावं लागलं. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या आणि ह्यांना चार पावलं चाललं की दम लागे. मी पहिल्यांदाच बरणीकडे बोट दाखवलं.

"युसूफभाई, इतक्या सालात काही मागतलं नाही. आज ते बाहुली द्या."

"नाही देत, सक्रीबाई."

"काहून? मी परकी हाय का?"

"परक्या असत्या तरी नसती दिली. त्या गोळ्यांच्या कामात ही मुळी लुडबुड करते. ज्याचा रक्तदाब चढते, ज्याले झोप येत नाही, त्यानंही हिच्यापासून दूर राहावं. डॉक्टरनं लिहून दिलं तर बरणीसकट घरी आणून देतो."

मी दोन बाजार त्यांच्या दुकानावर पाय ठेवला नाही. तिसऱ्या बाजाराला त्यांनी स्वतः तांड्यावर येऊन ह्यांना सगळं समजावलं, कोंबडीच्या रश्श्यासकट. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुळी राहू द्या भाई, कोंबडीचं तेवढं पाहा." युसूफभाईंच्या बायकोनं, हमीदाभाभींनी, दुसऱ्याच दिवशी डबा पाठवला. ह्यांना रस्सा इतका मानवला की तब्येत सुधारल्याचं त्यांनी भाभींना पुढचे दोन महिने कळूच दिलं नाही.

आता जे सांगते ते सांगावं की नाही, हे मी युसूफभाईंना विचारलं होतं. ते म्हणाले, "लिहा. लपवून काय विकायचं?"

तोंडाला फडकं बांधून फिरायच्या त्या साली युसूफभाईंना ताप आला. ताप गेला, पण वास घ्यायची ताकद घेऊन गेला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढच्या पावसाळ्यात बाजाराच्या दिवशी मी दुकानात शिरले, तर अश्वगंधेच्या पोत्यापाशी बसून ते चहा पीत होते.

"युसूफभाई, पोत्याले बुरशीचा भपकारा येऊन राह्यला, अन् तुम्ही त्याच्यापाशी बसून चहा पिऊन राह्यले?"

त्यांनी कप खाली ठेवला. पोत्यात हात घातला, मूठभर मुळ्या नाकाशी नेल्या. बराच वेळ तशाच धरल्या. अश्वगंधेला घोड्याच्या अंगासारखा वास असतो. त्यावरूनच तिचं नाव. तिथं घोडा नव्हता, नुसती ओल होती.

"मले येत नाही, सक्रीबाई," ते म्हणाले. "कशाचाच येत नाही. तुमच्या भाभीले पण नाही सांगितलं."

त्या पोत्यातल्या पुड्या आठवडाभर विकल्या गेल्या होत्या. युसूफभाईंनी शटर ओढलं आणि मला सोबत यायला सांगितलं. पुडी कुणाकुणाला दिली, ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. पहिल्या घरी म्हणाले, "माल खराब निघाला, परत द्या." पुडी घेतली, गल्लीच्या टोकापर्यंत आले आणि थांबले. मग उलटे फिरून त्याच दारात गेले. "माल खराब निघाला हे अर्धं झालं. मले वास येत नाही, म्हणून तो माझ्या हातून गेला. चूक माझी आहे." पुढच्या प्रत्येक दारात त्यांनी ते पुरतं सांगितलं. जो माणूस नाकावर पन्नास वर्षं जगला, त्याला ते सांगताना मी शेजारी उभी राहून पाहिलं. त्या दिवशी मी एकही टोमणा मारला नाही. हवं तर त्यांना विचारा. एका घरी बाईंनी दोन दिवस चूर्ण घेतलं होतं. त्यांना काही झालं नव्हतं, तरी युसूफभाईंनी त्यांना दवाखान्यात नेऊन दाखवलं.

एक पुडी मात्र हैदराबादच्या वाटेला गेली होती. एका ट्रकवाल्यानं आधी बरणीतली मुळी मागितली, ती मिळाली नाही म्हणून अश्वगंधा घेतली. त्याचं नाव माहीत नाही, नंबर नाही. युसूफभाई तीन दिवस दुपारभर हायवेवरच्या ढाब्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ट्रक आला.

"उस्ताद, वो पुडी खाई तो नहीं?"

"कहाँ से खाता, चाचा? आप ही ने कहा था डॉक्टर से पूछ के खाना. डॉक्टर के पास कौन जाता है?"

पुडी तशीच बांधलेली होती. युसूफभाईंना त्याला मिठी मारावी की रागवावं, ते कळेना. शेवटी चहा पाजला.

पुढच्या बाजाराला मी गेले तर ते बरण्या उतरवून पेटीत भरत होते.

"हे काय लावलं?"

"बंद करतो. आंधळ्यानं सुईत दोरा ओवू नये."

"ओवू नये. पण डोळेवालीले ओवू द्याव. माझं नाक अजून धड हाय."

"तुम्ही आठ दिवसांतून एकदा येता."

"तं आठ दिवसांतून एकदाच पुड्या बांधा. तुमच्या दुकानात काय आग विझवाची हाय?"

ते पेटीवर बसले. हमीदाभाभी आतून म्हणाल्या, "बरण्या परत ठेवा. घरी बसलात तर मला चुलीपाशी सल्ले द्याल." मग युसूफभाईंनी एक अट घातली: गिऱ्हाइकाला हे माहीत असलं पाहिजे. मी म्हटलं, सांगा. त्यांनी पाटी लावली. ती माझ्या कौतुकाची असेल असं वाटून मी नातीकडून वाचून घेतली. तिच्यावर आहे: "दुकानदाराला वास येत नाही. इथला माल सक्रीबाई तपासतात. खायच्या आधी डॉक्टरला विचारा." कौतुक काही नाही. पण दुकान उघडं आहे.

तेव्हापासून दर बाजाराला मी पोत्यांपुढे बसते, ते मोडतात, मी हुंगते. मुसळीच्या नावाखाली सोललेली शतावरी आली, ती परत गेली. एक विक्रेता जिनसेंगच्या चकत्या घेऊन आला, त्यांना भाजीच्या वाळवलेल्या मुळ्याचा वास होता. त्यालाही चहा पाजून परत पाठवलं. युसूफभाई रोज सकाळी बरणीचं झाकण काढून नाक लावतात, असं भाभी सांगतात. अजून काही आलेलं नाही. आलं तर पहिली खबर मला मिळणार आहे, कारण त्या दिवसापासून मला सुटी.

युसूफभाईंना पंचाहत्तर वर्षं पुरी झाली. त्या मुळीसारखी त्यांच्याही मानेवर दर वर्षी एक खूण चढत राहो, आणि प्रकृती मातीत धरलेल्या मुळीसारखी घट्ट राहो. शंभर खुणा भराव्यात, असं मागणं मी आमच्या सेवालाल महाराजांपुढे घातलं आहे. ते घालताना लक्षात आलं की मी त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी आहे आणि नाक माझ्यापाशी आहे. त्यांना शंभर मागायची, तर मला एकशे तीन मागावी लागतात. मागितली आहेत. देवाला वाटलं असेल, म्हातारी लोभी आहे. पाटीवर काय लिहिलंय, ते त्यानं वाचावं.

— सक्रीबाई