बिनडोक्याचा स्क्रू

आमच्या मुलुंडच्या गाळ्यातली माणसं बाहेर जेवायला बसली, की विषय मुलाबाळांवरून सुरू होतो आणि सूप संपायच्या आत ग्रब स्क्रूवर येतो. घरचे वैतागतात. माझा नवरा म्हणतो, हरभऱ्याएवढ्या वस्तूवर इतकं बोलणारी माणसं त्याने दुसरीकडे पाहिली नाहीत. पण आम्ही मुद्दाम किस्से जमवत नाही. ते आपोआप साठतात, ड्रॉवरमधल्या सुट्या नटांसारखे.

आम्ही फरसाण, चिक्की असलं बनवणाऱ्यांना छोटे कन्व्हेयर करून देतो. मोटर शाफ्ट फिरवते, शाफ्टवरची पुली पट्टा ओढते. ती पुली शाफ्टला धरून ठेवतो तो ग्रब स्क्रू. ऑर्डरमध्ये मी त्याला सेट स्क्रू लिहिते. त्याला डोकं नसतं. अख्खा भोकात उतरतो आणि अ‍ॅलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, आवळायचा. तो सुटला तर मोटर फिरते, बाकी सगळं ठप्प. मी स्टोअर आणि परचेस बघते, स्नेहल डिझाइन करते, गावडेकाका फिटर आणि शिरोडकर साहेब मालक. बाकीही माणसं आहेत, पण भानगडी या चौघांच्याच.

*

दहिसरच्या एका फरसाणवाल्यांना आम्ही स्पेअरचं पाकीट पाठवलं. चार दिवसांनी ते जसंच्या तसं परत आलं. वर चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली, की कुरियरमध्ये सगळ्या स्क्रूंची डोकी तुटली आहेत, बदलून द्यावेत.

स्नेहलने फोन लावला. आधी हसून घेतलं, मग लावला. नाहीतर तिला बोलताच आलं नसतं.

"सर, त्यांना जन्मापासूनच डोकं नाहीये."

मग ते गृहस्थ म्हणाले, "मग असे कामावर ठेवता कशाला?"

*

शिरोडकर साहेबांना चकचकीत वस्तूंचं वेड. अलॉय स्टीलचे ग्रब स्क्रू काळे असतात, ते त्यांना बघवायचे नाहीत. एका प्रदर्शनात मशीन मांडायचं होतं तेव्हा त्यांनी स्नेहलचं न ऐकता सगळे स्टेनलेसचे लावायला सांगितले. ती बिचारी समजावत होती, की काळा स्क्रू कडक असतो, त्याची कड शाफ्टमध्ये रुतते. स्टेनलेस त्यामानाने नरम, झटका बसला की पुली घसरेल. साहेब म्हणाले, प्रदर्शनात लोक रुतणं बघायला येत नाहीत.

गोरेगावच्या हॉलमध्ये पहिलंच गिऱ्हाईक आलं. साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. पट्टा एकदा हलला आणि थांबला. पुली घसरलीच होती, आत मोटर बारीक गुणगुणत होती. आम्ही तिघं जमिनीकडे बघत उभे.

गिऱ्हाईक वाकून कान देऊन ऐकत होतं. म्हणालं, "आवाज बाकी अजिबात नाही हो."

"तेच तर," साहेब म्हणाले. "त्यावरच दोन वर्षं काम केलं."

त्या माणसाने ब्रोशर नेलं. सोमवारी साहेबांनी मला सांगितलं, काळे मागव.

*

घाटकोपरच्या एका चिक्कीवाल्यांकडे जुनं परदेशी मशीन होतं, त्याचे आटे इंचातले. त्यांनी आमचा मेट्रिक आठ एमएमचा स्क्रू त्यात घालायला घेतला. ही दोन मापं डोळ्याला सारखीच दिसतात, त्यामुळे सुरुवातीला तो छान बसला आणि मग अडला. त्यांनी अ‍ॅलन कीला पाइप लावून जोर दिला. किल्ली आतच तुटली.

गावडेकाका गेले तेव्हा चिक्कीवाले त्यांच्यावरच चिडले. स्क्रू तुमचाच, दोन आटे मस्त गेला होता, मग पुढे का नाही गेला?

काका मालवणचे. घाम पुसत ते शांतपणे म्हणाले, "शेठ, दोन आटे म्हणजे चेडू बघूचो कार्यक्रम. तेका लगीन म्हणनत नाय."

*

मग बोरिवलीच्या देसाईबाई. त्यांच्या शेवेच्या कन्व्हेयरची एक पुली दर हंगामात सरकवावी लागते. अशा जागी सपाट टोकाचा स्क्रू हवा, पण कोणीतरी वाटीच्या, म्हणजे खोलगट टोकाचा लावला. त्याने शाफ्टवर ओरखडा काढून कड उचलून ठेवली. पुली काही केल्या हलेना. गावडेकाका सकाळी तिकडे गेले आणि दुपारी चारला गाळ्यावर आले ते दोन मोठ्या पिशव्या शेव घेऊनच.

आम्ही तुटून पडलो. शेव झकास होती, जाडसर, ओवा घातलेली. साहेबांनी वाटीभर केबिनमध्ये नेली. काका मात्र एक कण खाईनात. आज उपास म्हणाले. दुसऱ्या दिवशीही उपास. स्नेहल म्हणाली, काका देवाधर्माचे झाले बहुतेक.

तिसऱ्या दिवशी देसाईबाईंचा फोन आला. मी आधी शेवेचे आभार मानले.

"ते राहू दे गं," बाई म्हणाल्या. "गावडेंची कंबर कशी आहे? पुली एकदम सुटली आणि ते ट्रेमध्येच बसले ना. शेव विकता येईना, म्हटलं आता तुम्हीच न्या."

पिशवीत शेव उरली नव्हती.

*

आणि स्नेहलचं रिसेप्शन. सकाळी बुद्धवंदना होऊन लग्न साधेपणाने लागलं होतं, पण संध्याकाळी मुलाच्या भावंडांच्या हौसेने फिरतं स्टेज आणलं. गोल पाट, त्यावर नवरा-नवरी उभे, आणि तो हळूहळू फिरणार. स्नेहलच्या वडिलांना ही कल्पना पसंत नव्हती. त्यात मुलाची आई सकाळपासून फारशी बोलली नव्हती, त्यामुळे त्या नाराज आहेत की स्वभावच तसा आहे, याची अकोल्याहून आलेल्या सगळ्या नातेवाइकांना धास्ती.

पाट अर्धा फिरला आणि थांबला. नवरा-नवरीची पाठ पाहुण्यांकडे, तोंड मागच्या पडद्याकडे. खालून मोटरचा आवाज येतच होता. डेकोरेटरचा माणूस जेवायला गेलेला, फोन उचलेना. आहेर घेऊन रांग उभी. स्नेहलचे वडील घामाघूम झाले.

स्नेहलने मान वळवून आमच्याकडे बघितलं. तिला काय झालं ते कळलं होतं आणि आम्हालाही. गावडेकाकांच्या सफारीच्या खिशात अ‍ॅलन की होतीच, ती लग्नकार्यातही असते. ते स्टेजच्या मागच्या फटीतून आत शिरायला गेले आणि खांद्यापाशी अडकले. मी आणि साहेबांनी पाय धरून त्यांना बाहेर ओढलं.

तेवढ्यात स्नेहल पाटावरून उतरली. पैठणीचा पदर खोचला, हातातल्या बांगड्या काढून समोर जी बाई उभी होती तिच्या ओंजळीत दिल्या, काकांकडून की घेतली आणि फटीतून आत गेली. त्या बाई म्हणजे तिच्या सासूबाई होत्या, हे तिच्या वडिलांनी बघितलं आणि ते खुर्चीत बसले.

मोटर बंद झाली. खाली खुडबुड ऐकू आली. मग मोटर सुरू झाली, पाट हलला आणि नवरा एकटाच, हात जोडून, सावकाश पाहुण्यांकडे वळला. फोटोग्राफरने सवयीने फोटो काढला.

रांगेतल्या पहिल्या आत्याबाई गोंधळल्या. त्यांनी विचारलं, "अगं, सून कुठाय?"

सासूबाईंनी ओंजळीतल्या बांगड्या नीट धरल्या.

"खाली आहे," त्या म्हणाल्या. "तीच फिरवतेय त्याला."