गोहलपुरातलं पावडरचं दूध

पावडरच्या दुधावर साय धरत नाही. पण आमच्या गोहलपूरच्या दूध केंद्रात किस्से मात्र जाड थरानं जमले. लढाईचे दिवस. जबलपूरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्या दिवसरात्र चालू, बाजारात सगळंच महाग. म्हणून सरकारनं वस्तीतल्या पोरांना रोज फुकट दूध द्यायचं ठरवलं. कमलताई केंद्राच्या प्रमुख, मी त्यांची नवी मदतनीस.

पहिल्या दिवशी बायका आल्या, पावडरचा डबा बघितला आणि दारातच थबकल्या. वस्तीत पावडर म्हणजे एकच, फॅक्टरीतली. बारूद!

"बच्चे फट गए तो?" बिड्या वळणाऱ्या शकीलाबीनं विचारलं.

कमलताईंनी सगळ्यांसमोर ग्लासभर दूध घटाघटा पिऊन दाखवलं. "देखो, कुछ हुआ?"

"रुको दीदी," शकीलाबी खाली बसली, "अभी तो बत्ती सुलगी है!"

मग सगळ्या जणी ताईंकडे बघत बसून राहिल्या.

पुढे सायरनची प्रॅक्टिस सुरू झाली. सायरन वाजला की टेबलाखाली जायचं, असं आम्ही पोरांना शिकवलं. तर फॅक्टरीची पाळी सुटल्याचा भोंगा वाजला तरी पोरं टेबलाखाली!

"अरे, काहून लपून राहिले? बाहेर या!" घाईत मी मराठीतच ओरडले.

खालून एक रिकामा ग्लास तेवढा बाहेर आला. "दीदी, यहीं दे दो ना!"

एकदा मोठे साहेब तपासणीला आले. इथं केंद्राची गरज आहे का, हे त्यांना बघायचं होतं.

"यहाँ गरीब कौन है?"

एकही हात वर नाही. शकीलाबीनं समोरच्या घराकडे बोट दाखवलं, तर समोरचीनं तिच्याकडे! साहेबांच्या कपाळावर आठी. मला वाटलं, झालं, आता केंद्र बंद!

कमलताईंनी शांतपणे विचारलं, "अच्छा, भूख किसको लगी है?"

सगळे हात वर. साहेबांच्या ड्रायव्हरचासुद्धा!

लढाई संपली आणि केंद्र बंद करायचा हुकूम आला. कमलताई दाराला कुलूप लावून राहिल्या होत्या, तेवढ्यात सुखिया आली. ती कुंडमकडच्या खेड्यातली, बांधकामावर विटा वाहायची. तिचं पोर आमच्याच दुधावर उभं राहायला लागलं होतं.

"लड़ाई खतम हो गई, बाई. अब दूध बंद," ताई म्हणाल्या.

सुखियानं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "कौन जीता?"

"हम."

"तो फिर दूध काहे बंद, दीदी?"

 कमलताईंनी कुलूप खिडकीत ठेवलं आणि मला म्हणाल्या, "स्टोव्ह पेटव."