सतरा नंबरची खुर्ची

रविवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. मुलुंड पूर्वेतल्या एका सोसायटीचा हॉल. पंचवीस टेबलं, पंचवीस पट आणि मध्ये फिरत एकटा सगळ्यांशी खेळणारा एक ग्रँडमास्टर.

इतकं बातमीसारखं लिहिलं, कारण पुढे मी जी माती खाल्ली ती बातमीत बसत नाही. तीस वर्षं पत्रकारिता केली मी! बिल्डरांच्या धमक्या पचवल्या, मंत्र्यांना पत्रकार परिषदेतून पळवून लावलं. आणि वाट कुठे लागली? बुद्धिबळात! घोडा अडीच घरं जातो, यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही.

चूक आमच्या पुरवणीच्या शलाकाची. हे आधीच सांगून ठेवतो.

"सर, चाहत्यांना कुठला ग्रँडमास्टर आवडतो आणि का, एवढंच विचारून या ना."

"अगं, मी गुन्हेगारी बघतो!"

"मग तर लोक पटापट उत्तरं देतील."

गेलो. घाटकोपरच्या एक बाई म्हणाल्या, "मला शांत खेळणारा आवडतो. हत्ती गेला तरी चेहरा हलत नाही. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट सापडला नाही तर घर डोक्यावर घेतात." एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "माझा आवडता हरला की सरळ सांगतो, मी चुकलो. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही." मी दोन्ही लिहून घेतलं. दुसरं जरा जास्तच साधं वाटलं.

मग सतरा नंबरवर परबकाका भेटले. भांडुपचे, सत्तरी ओलांडलेले. गिरणीत जेवणाच्या सुट्टीत बुद्धिबळ शिकले, गिरणी बंद पडली तेव्हा रिक्षा चालवली, पण पट सोडला नाही. समोर फिरणारा ग्रँडमास्टर हाच त्यांचा देव. त्याची कात्रणं घरी पेटीत ठेवलेली.

"का आवडतो, काका?"

"तो हरलो तर पहिलो हात तोच पुढे करता. तोंड वाकडा न करता. असो माणूस गावूचो नाय."

मी लिहिलं, 'हात मिळवण्याची पद्धत'. म्हटलं, संस्कार वगैरे असतील.

काकांनी मला जवळ ओढलं. "कोणाक सांगू नका. ह्येचो वजीर अडाकलो हा. दोन फेऱ्यांत मारतंय. आयुष्यात एकदाच असा घडता!"

आणि त्याच क्षणी मधुमेहाने त्यांना उठवलं. "जरा जाऊन येतंय. तुम्ही हय बसा, नायतर कोणतरी खुर्ची घेऊन जायत. तो इलो तर थांब म्हणान सांगा. आणि सोंगट्यांक हात लावू नका हां!"

मी बसलो. हात मांडीखाली दाबून बसलो!

आता मला काय माहीत, शेजारचे पंधरा आणि सोळा नंबर हरून केव्हाच चहाला गेलेत? ग्रँडमास्टर झपाट्याने आला, समोर उभा. मी गडबडून उठलो आणि नुकतंच मिळालेलं ज्ञान वापरलं. म्हणजे पहिला हात मी पुढे केला.

"नमस्कार, मी..."

त्याने माझा हात पाहिला. मग पट पाहिला, बराच वेळ. मग वर माझ्या तोंडाकडे पाहिलं. हसला आणि हात मिळवला. काका ज्या कागदावर चाली लिहीत होते, त्यावर काहीतरी लिहून सही केली आणि अठरा नंबरकडे गेला. लगेच एका स्वयंसेविकेने येऊन सोंगट्या पुन्हा पहिल्यासारख्या मांडल्या. मी मनात म्हटलं, काय शिस्त आहे!

काका आले. पटाकडे बघतच राहिले. "माझो डाव खंय?"

"काका, सही दिली त्यांनी! न मागता!"

काकांनी कागद वाचला. "बरोबरी? काय केलंस तू?"

'तुम्ही'वरून थेट 'तू'!

"काही नाही. एका सोंगटीला हात लावला नाही, आईशप्पथ! फक्त त्यांच्याशी हात मिळवला."

कॉलेजच्या मुलीने कपाळावर हात मारला. "सर, चालू डावात हात पुढे केला म्हणजे डाव संपला!"

"मग जिंकलं कोण?"

"तेच तर कळत नाही ना! हात तुम्ही दिलात, म्हणजे तुम्ही हरलात. त्यांनी लिहिलंय बरोबरी. आणि कागदावरच्या चाली बघा, जिंकत तर काका होते!"

माझं डोकं गरगरलं. डोकं गरगरलं की मी भांडतो. आयोजकांच्या टेबलावर मूठ आपटली. "हा डाव रद्द करा! मी खेळाडूच नाही!"

"मग खेळाडूच्या खुर्चीत काय करत होता?"

"बसलो होतो!"

"हळू बोला, डाव चालू आहेत. तुमचं नाव काय?"

नाव विचारलं ना? मग मी सांगितलंच. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, खणखणीत आवाजात. त्यांनी ते लिहून घेतलं.

ग्रँडमास्टरला विमान गाठायचं होतं. शेवटचा डाव संपताच तो निघाला. मी गाडीमागे गेटपर्यंत धावलो. काच वर गेली.

दुसऱ्या दिवशी आमच्याच पेपरात, खेळाच्या पानावर छापून आलं: चोवीस विजय, एक बरोबरी. बरोबरी साधणाऱ्याचं नाव माझं! पूर्ण, वडिलांच्या नावासकट. बरोबरीचा काकांचा अर्धा गुणसुद्धा माझ्याच खात्यात.

सकाळी काकांचा फोन. "अभिनंदन."

"काका, दुरुस्ती छापून आणतो. चूक शलाकाची, आयोजकांची..." एवढं बोललो आणि ती कॉलेजची मुलगी आठवली. "मी चुकलो, काका."

पलीकडे पटावर सोंगट्या मांडल्याचा टकटक आवाज आला.

"पण काका, वजीर अडकलाय हे त्याला दिसलं नसेल?"

"तो तसो नाय," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

नसेल. पण खेळ सुरू होताना त्याने पंचवीस जणांशी एकेक करून हात मिळवला होता. तेव्हा सतरा नंबरच्या खुर्चीत चष्मा लावलेले, पूर्ण टक्कल पडलेले काका होते. मला छातीपर्यंत पांढरी दाढी आहे. मी त्याला दोन मेल पाठवले आहेत. अजून उत्तर नाही.