गोव्याहून गोव्याला, बोटीने

मुलीने फोनवर बोटीचा फोटो पाठवला तेव्हा मी नारळ खवत होते. हात पुसून बघितलं. पांढरीशुभ्र, बिल्डिंगीएवढी उंच बोट, वरच्या मजल्यावर तलाव आणि त्यात डुंबणारी माणसं. समुद्रात बोट आणि बोटीवर पुन्हा तलाव, हा उपद्व्याप कशाला ते काही कळलं नाही, पण ती बोट मला बघताक्षणी आवडली. "आई, तू आणि बाबा जा," मुलगी म्हणाली. "आधी मुंबईला आमच्याकडे या. इथून बोट सुटते, गोव्याला जाते, दिवसभर थांबते आणि परत येते."

आमचे हे बाजूला कदेलावर बसून सगळं ऐकत होते. लगेच सरसावून बसले. "म्हळ्यार, हांगाच्यान बशीन मुंबय वचप, थंयच्यान बोटीन गोंयांत येवप, गोंय पळोवप, आनी परत मुंबय वचप? मागीर परत बशीन घरा? आमकां कितें पिशें लागलां?"

राहतो तोच गोवा बघायला मुंबईला जाऊन बोटीने परत यायचं, हे वेडच; ह्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मला जायचं होतं. माझं माहेर पेडण्यातलं, मोपाच्या पठारावरचं. लहानपणी पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चमकायचं तेवढंच. समुद्र हरमलला, तोही कधीतरी पाय भिजवण्यापुरता. आमचं वेगळं राज्य झालं त्या सुमारास लग्न होऊन डिचोलीला आले. शाळेत मराठी शिकवलं, घरात कोंकणी बोलले, आणि भांडले दोन्हीत. बोट म्हणाल तर फेरीबोट, तीसुद्धा उभ्याने.

हे मात्र जन्मभर पाण्यावर. खनिजाच्या बार्जवर खलाशी म्हणून चढले आणि सरंग, म्हणजे बार्जचे मुख्य, होऊन उतरले. इथल्या धक्क्यावर माल भरायचा, मांडवीतून खाली मुरगावला न्यायचा, आणि तिथे उभ्या असलेल्या परदेशी जहाजाला बार्ज लावून रिकामी करायची, हे त्यांचं काम. एकदा जहाजावरून कुणी परदेशी खलाशाने खाली सफरचंद टाकलं. ह्यांनी ते झेललं, खनिजाच्या धुळीने माखलेल्या शर्टाला पुसलं, म्हणजे होतं त्याहून लाल केलं, आणि घरी आणून मला दिलं. मग खाणी बंद झाल्या. बार्ज धक्क्याला बांधली ती बांधलीच. तेव्हापासून ह्यांनी पाण्याशी अबोला धरलेला. फेरीबोट समोर उभी असली तरी स्कूटर वळवून पुलावरून लांबचा फेरा मारतात. आपण दोघं त्या बोटीवर गेलो तर हा राग निघेल, असं मला वाटत होतं. पण हे बोलून दाखवण्याची सोय नव्हती. आठवडाभर तोंड फुगून बसलं असतं.

मग कारणं सुरू झाली. कुत्र्याला कोण बघणार? पोदेर पाव घेऊन येईल आणि दाराला कुलूप बघून परत जाईल, त्याला काय वाटेल? बोटीवर ताजं नुस्तें मिळतं का? मिळालं तरी ते करणाऱ्याला त्या माशांचं हुमण येतं का? प्रत्येक कारणाला माझ्याकडे उत्तर होतं. शेवटी सगळी कारणं संपली तेव्हा आमच्याकडचे पुरुष जे करतात ते ह्यांनी केलं. "देवाक विचारूया," म्हणाले.

आमच्याकडे लग्न असो, घर असो, नोकरी असो, ग्रामदेवाला प्रसाद लावतात. गुरव देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. जमलेले पुरुष "व्हय म्हाराजा" म्हणून गाऱ्हाण्याला दुजोरा देतात. बायका हात जोडून गप्प.

सोमवारी गेलो. गुरवाने आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, हीं तुजीं लेकरां मौजमजा करपाक बोटीन वचपाक सोदतात. बरें जातलें जाल्यार उजवी दी!"

"व्हय म्हाराजा," हे पुटपुटले, तेही जेमतेम.

टपकन डावी पडली. देवाला विचार करायचीसुद्धा गरज वाटली नाही.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण मीही देवाला मानणारी बाई. घरी आल्यावर मुलीला फोन करून सांगून टाकलं की देव नको म्हणतो. ती हसली आणि मग मी तिच्यावरच भडकले.

नवल ह्यांचं. जिंकले होते, तर खूश असायला हवे होते! चहा निवू दिला. पावाचा तुकडा हातात घेऊन जनेलातून बाहेर बघत बसले. कुत्र्यावर ओरडले. असे दोन दिवस गेल्यावर म्हणाले, "प्रस्न चुकलो."

"कोणाचा? देवाचा?"

"गुरवाचो. मौजमजा म्हणून विचारलें ताणें. म्हाका कोणें विचारलें?"

दुपारीच मला मागे बसवून स्कूटर काढली. देवळात चिटपाखरू नव्हतं. गुरव नुकता जेवून आडवा झालेला, तो कुरकुरतच उठला. देवाला पुन्हापुन्हा त्रास द्यायचा नसतो, वगैरे सगळं सुनावून झालं. तरी पाकळ्या लावल्या. तो तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "रांव. गाराणें हांव घालतां."

हे चारचौघांत बोलणारे नव्हेत. घसा खाकरून सुरुवात केली ती अगदी हळू.

"देवा म्हाराजा, जल्मभर हांवें त्यो व्हडल्यो बोटी खाला रावून पळयल्यो. मान वयर करून. एकदांय कोणें वयर आपोवंक ना. बार्ज बंद पडली आनी हांवें उदकाचेर राग धरलो, ताची माफी कर. म्हाका मौजमजा नाका. एकदां तसले बोटीर चडून मुरगांवांत येवपाचें आसा. आमची बार्ज खंय रावताली ती सुवात वयल्यान पळोवपाची आसा." मग माझ्याकडे बघितलं. "आनी हिका दाखोवपाची आसा."

एकदाही कुणी वर बोलावलं नाही, बार्ज उभी राहायची ती जागा वरून बघायची आहे, मला दाखवायची आहे: इतक्या वर्षांच्या संसारात ह्यातलं अक्षरही मी ऐकलं नव्हतं. मी समजत होते की मी ह्यांना नेणार आहे.

गाऱ्हाणं संपलं. दुजोरा द्यायला पुरुष कोणी नव्हता. गुरव इकडेतिकडे बघायला लागला.

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. वर्गात पोरांना गप्प करायचे त्या आवाजात. गुरव दचकला.

ह्या वेळी देवाने वेळ घेतला. हे डोळे घट्ट मिटून उभे, हात जोडलेले, ओठ हलतायत. मी मात्र त्या पाकळ्यांवरून नजर काढली नाही. अखेर पडली.

"पडली," मी म्हटलं.

"खंयची?"

"उजवी."

तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. मान मात्र हळूहळू वर केली, जहाजाकडे बघावं तशी.