अर्ध्या टबातली होडी

फुलंब्री रोडला आमच्या आजूबाजूनं इमारती उठत होत्या आणि नळाला दहा-दहा दिवस पाणी नव्हतं, तेव्हा आमच्याकडं ओडिशाचा एक प्लंबर यायचा. नवी तोटी बसवली की पाणी नसतानाही ती उघडायचा, खाली ओंजळ धरायचा आणि पाइपाला कान लावून म्हणायचा, "येईल, मावशी." मला कधी हसू यायचं, कधी राग.

कार्तिकी पौर्णिमेला तो सकाळीच दारात आला. हातात पाना-पकडीची पिशवी नव्हती, केस ओले होते.

"मावशी, एक टब पाणी मिळंल? वापरून परत देतो."

टँकर आदल्या दिवशीच येऊन गेला होता. तरी मी अर्धाच टब दिला.

अंगणात बसून त्यानं केळीच्या सोपटाची होडी केली. सोपट औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलं होतं. होडीत विड्याचं पान, सुपारी आणि पेटती पणती ठेवली.

"आज आमच्याकडं सगळा गाव नदीत होड्या सोडतो," तो म्हणाला. "आई कंबरभर पाण्यात उभी राहती. होडी दिसंनाशी होईपर्यंत."

त्यानं होडी बोटानं ढकलली. ती वीतभर गेली आणि टबाच्या काठाला टेकली. तो हात जोडून तिच्याकडं बघत राहिला.

मला माझीच लाज वाटली. आत जाऊन मी भरलेली बादली घेऊन आले.

"राहू द्या, मावशी," तो म्हणाला. "पोचली."