दारापलीकडचे ताकासे-सान

"ती टकटक काढून टाका," ओकादा-सान म्हणाले. ओकादा-सान म्हणजे माझे बॉस; सान म्हणजे जपानी 'राव'. टोकियोतल्या आमच्या स्टुडिओत जुन्या टेप साफ करतात. खरखर, घरघर काढायची, गाणं ठेवायचं. पुण्यात आईला मी सांगते, धोबीकामच आहे, फक्त आवाजाचं.

ही टेप मोरिशिता-सानांची. संगीत नाटकं आणि गाण्यांचे सिनेमे जोरात होते त्या काळातले नावाजलेले संगीतकार, आता नव्वदीला टेकलेले. त्यांच्या चालींवर शब्द ताकासे-सानांचे. या जोडीची प्रेमगीतं इथे लग्नांत गातात. ताकासे-सान जाऊन बरीच वर्षं झाली. २०११च्या भूकंपात मोरिशिता-सानांचं कपाट आडवं झालं आणि मागून ही टेप निघाली, चाल बसवतानाची. या जोडीच्या एका जुन्या नाटकाच्या नव्या प्रयोगात ती वाजवायची होती. त्यांची परवानगी तेवढी बाकी होती.

पियानो सुरेख होता, पण मधूनमधून लाकडावर टकटक. काढण्याआधी त्यांना विचारू या, असं मी म्हटल्यावर ओकादा-सानांचं तोंड वाकडं झालं.

मोरिशिता-सान आले. टकटक ऐकून म्हणाले, "हा ताकासे. एकदा ठोकलं की ओळ बसली. दोनदा ठोकलं की पुन्हा वाजव."

"तोंडाने का नाही सांगायचे?" मी विचारलं.

"आमचं बोलणं बंद होतं. तो दारापलीकडे बसायचा, शब्दांचे कागद फटीतून सरकवायचा. तुझ्या चाली मला कधीच आवडल्या नाहीत, असं तो म्हणाला होता. त्यानंतरची सगळी गाणी अशीच झाली."

मी चाट पडले. लग्नात गायची गाणी, आणि अशा अबोल्यात केलेली?

"वाजवू नका ही टेप," मोरिशिता-सान म्हणाले. "त्याची नाराजी लोकांना कशाला ऐकवायची?"

टेप चालूच होती. पियानो थांबला होता. टेपमधल्या पंख्याच्या घरघरीमागे मला काहीतरी पुसट ऐकू आलं. प्रयोगाला नको म्हणून हा तुकडा मी साफ केला नव्हता. आता घरघर कमी केली, आवाज वाढवला.

दारापलीकडे कुणीतरी तीच चाल गुणगुणत होतं. हळू, अगदी लाडाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पुन्हा एकदा.

मोरिशिता-सान खुर्ची ओढून स्पीकरजवळ सरकले. मग म्हणाले, "ते दार नुसतं सरकवायचं होतं. कुलूपसुद्धा नव्हतं त्याला."

त्यांनी परवानगी दिली. प्रयोगात टेप वाजली, टकटक आणि गुणगुण दोन्हींसकट. हल्ली मी कुठलीही टेप गाणं संपल्यावरही ऐकत राहते. आणि नवऱ्याशी धरलेला अबोला संध्याकाळच्या चहापुढे जाऊ देत नाही.