हळू आवाजासाठी केलेली पेटी

दीक्षा आमच्या शेषरावची एकुलती एक मुलगी. वय बेचाळीस, लग्न केलं नाही. अमरावतीला एका लहान कारखान्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट आखते आणि भाड्याच्या एका खोलीत राहते. मी आणि शेषराव अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये एकतीस वर्षं रेच्यांवर, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांवर होतो. आता दोघंही जठारपेठेत राहतो, मध्ये दोन घरं.

मार्चमध्ये शेषराव न्हाणीत पडला. सकाळी आठला पडला, मी साडेअकराला सहज गेलो तेव्हा कळलं. साडेतीन तास तो दीक्षाचं नाव घेत होता. हाड वाचलं. दीक्षा म्हणाली, आता एकटं राहायचं नाही, अमरावतीला चला.

"तुह्या खोलीत दिवसभर भिंतीकडे पाहत बसू का?" शेषराव म्हणाला. "इथची भिंत तरी माही हाय."

तिने वाद घातला नाही, मुदत दिली. दिवाळीपर्यंत एक पेटी करून देते. ती भिंतीवर बसेल. 'दीक्षा' असं नाव घेतलं की सूर्यभानकाकांकडे, म्हणजे माझ्याकडे, घंटी वाजेल. पेटी चालली तर इथे राहा, नाही तर सामान बांधा.

मोबाइल पडणाऱ्याच्या हाताशी नसतो. पेटीने वीज गेली, नेट गेलं तरी ऐकायला हवं, आणि एका सेलवर वर्ष काढायला हवं. खरी अडचण सेलची होती. दीक्षा रविवारी यायची तेव्हा मी विचारायचो आणि ती सांगायची. आवाजाचा जोर जसाच्या तसा धरून चालत नाही. जोर दुप्पट झाला तरी कानाला एकच पायरी चढल्यासारखी वाटते. म्हणून आवाजातून येणाऱ्या प्रत्येक आकड्याचा लघुगणक काढावा लागतो, सेकंदाला दोन-अडीच हजार वेळा. तो पूर्ण रीतीने काढला तर सेल आठवड्यात संपतो. तिने चिपमध्ये बत्तीस उत्तरांचा तक्ता भरला आणि दोन उत्तरांच्या मधल्या जागेसाठी सरळ रेघ धरली. गुणाकारही टाळला. दहाने गुणताना आपण शून्य जोडतो, तसं नुसतं सरकवणं आणि बेरीज. एक बेरीज वाचवायला तिला पंधरा दिवस लागले. मला ते पटलं. एका फेरीत होणाऱ्या कामाला दोन फेऱ्या मारणारा माणूस मला कधी आवडला नाही.

ऑगस्टमध्ये पेटी बसली. रविवारी दीक्षासमोर शेषरावने वीस वेळा नाव घेतलं, वीस वेळा घंटी वाजली. सोमवारी ठरल्या वेळी त्याने दहा वेळा घेतलं, माझ्याकडे एकदाही वाजली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा सगळं ठीक. तिने सेल बदलला, माईक बदलला, चिप बदलली. तीन रविवार वाया गेले.

एका बुधवारी चाचणीच्या वेळी मी हाक न मारता त्याच्या दारात उभा राहिलो. शेषराव पेटीकडे तोंड करून बसला होता. ओठ हलत होते. मला दहा फुटांवर काही ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं म्हन ना बे."

"म्हनूनच राहिलो."

"मले नाई आलं ऐकू."

"कालपासून कोनाशी बोललो मी? गळा उघडाले वेळ लागते." हे मात्र तो खणखणीत बोलला, कारण आता समोर मी होतो.

मी दीक्षाला फोन केला. किती फुटांवर ऐकू आलं नाही ते तिने विचारून घेतलं. मग म्हणाली, "काका, मी रेच्याजवळचा बाबा धरला."

लहानपणी ती डबा घेऊन जिनिंगमध्ये यायची. तिथे ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नसे. पेटीसाठी आवाजाचे नमुनेही तिने आम्हा सात जुन्या कामगारांचेच घेतले होते, सगळे अर्धे बहिरे, सगळे ओरडणारे. तक्ता त्याच आवाजावर बेतला होता. त्याचे बत्तीस कप्पे सारख्या अंतराचे, त्यामुळे हळू आवाज सगळा पहिल्याच कप्प्यात पडून राहायचा. ट्रक तोलायच्या काट्यावर मूठभर कापूस ठेवावा तसं. कापूस असतो, काटा शून्य दाखवतो.

तिने तो तक्ता काढून टाकला. आता चिप आधी आकडा किती घरांचा, म्हणजे किती अंकी, आहे ते बघते. लघुगणकाचा मोठा भाग तेवढ्यावरच मिळतो. उरलेल्या बारीक भागाला सोळा उत्तरांचा तक्ता पुरतो. आकडा लहान असो की मोठा, चूक तेवढीच. आणि काम पहिल्यापेक्षा कमी.

हळू आवाजाचे नमुने हवे होते, ते तिने स्वतःचेच घेतले. सुटीच्या दिवशी, संध्याकाळी, दिवसभर कोणाशी शब्द बोलली नसताना. "आवाज बाबाएवढाच निघाला," तिने मला सांगितलं. स्वर माप सांगितल्यासारखा होता.

ऑक्टोबरमध्ये नवी पेटी बसली. सोमवारी दहापैकी दहा. दिवाळी झाली, शेषराव इथेच राहिला.

मग एक दिवस सकाळी अकराला घंटी वाजली. चाचणीची वेळ नव्हती. मी अनवाणी धावलो. शेषराव लसूण सोलत बसला होता.

"काहून बोलावलं?"

"म्या? कोनं बोलावलं तुले? आला तं चहा ठेव."

त्या आठवड्यात असं पाच वेळा झालं. मी दीक्षाला आकडा सांगितला. रविवारी तिने पेटी लॅपटॉपला जोडून नोंद पाहिली. "एकही खोटी नाही," ती म्हणाली. "पाचही वेळा नाव घेतलं आहे."

"मुद्दाम नाई घेत," शेषराव म्हणाला. "निघते तोंडातून."

पडून घेतलेलं नाव आणि बसल्या बसल्या घेतलेलं नाव पेटीला वेगळं करता येत नाही. इतका हळू आवाज सोडून द्यायचा तर काम दहा मिनिटांचं होतं. पण मग पडल्यावरचाही सुटला असता. दीक्षा पेचकस हातात धरून बसली. मग तिने झाकण लावून चारही स्क्रू घट्ट केले. पेटी चालत होती. त्याला अमरावतीला न्यायचं कारण उरलं नव्हतं. साडेचारच्या बसने ती गेली.

सोमवारी घंटी दोनदा वाजली. मी दोनदा गेलो.